बारा फळ्यांची मांडणी

धोंडूबाईच्या बारा फळ्या ठाऊक नाहीत असं माणूस लोधिवलीत नव्हतं. आंब्याच्या फळ्या, पाच-पाच हात लांब नि दोन बोटं जाड. आता घरात फळ्या असल्या तर त्यात नवल ते काय? कुणी दारासाठी ठेवतं, कुणी माळ्यासाठी. धोंडूबाईने ठेवल्या होत्या त्या स्वतःच्या सरणासाठी, आणि ते ती कुणापासून लपवतही नव्हती. घरामागचा आंबा वादळात आडवा झाला तेव्हा तिने करवतवाल्यांना बोलावून खोडाच्या फळ्या चिरून घेतल्या. ओंडके का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणाली, फळी लवकर सुकते आणि माळ्यावर नीट बसते. तेव्हा तिचं वय चाळिशीच्या थोडं पुढे. त्या वयात बायका सुनेसाठी पातळं बघतात. हिने सरण बघितलं.

दरवर्षी उन्हाळ्यात त्या फळ्या खाली यायच्या. अंगणात महिनाभर ऊन खायच्या. धोंडूबाई एकेक फळी बोटाने वाजवून बघायची, कुठे भुंग्याने भोक पाडलं असेल तर त्यात रॉकेलचा थेंब सोडायची, आणि मृग लागायच्या आत सगळ्या परत माळ्यावर चढवून घ्यायची. गावातली टवाळ पोरं म्हणत, धोंडूकाकीने तिकीट काढून ठेवलंय, गाडी तेवढी यायची राहिलीय. तिच्या कानावर गेलं तर ती फाडकन म्हणायची की काढलंय तर काढलंय, तुमच्या बापाकडून पैसे नाय घेतले. नाकावर माशी बसू द्यायची नाही ही बाई. कुणाकडे वाटीभर मीठ मागितलं नाही की चुलीला विस्तव मागितला नाही. लोक म्हणत, ताठा आहे. ताठा होताच, पण तो काही उगाच आलेला नव्हता.

छप्पन सालच्या आषाढात तिचा नवरा लडकू तापाने गेला. पंधरा दिवस पाऊस थांबला नव्हता. पाताळगंगा दोन्ही काठ सोडून शेतात शिरलेली. त्या पंधरवड्यात गावात आधीच दोन माणसं गेली होती, त्यांच्यामागे घरोघरची सुकी लाकडं सरून गेली. आपल्याकडे मयत झालं की घरटी एक लाकूड येतं, तशी आली, पण आली ती ओली. बायका स्मशानात जात नाहीत. धोंडूबाई घरात बसून राहिली. आठ वर्षांच्या सहदेवने अग्नी दिला आणि त्याला लगेच एका म्हाताऱ्याबरोबर घराकडे धाडलं. पुरुष परतले, आंघोळी केल्या, कुणी काही बोललं नाही. महिन्याभराने पाणवठ्यावर बायकांची कुजबुज चालली होती, ती हिच्या कानावर पडली. लडकूचे पाय राहिले होते म्हणे. लाकूड ओलं, आखूड पडलं, वरचं जळलं आणि पाय तसेच राहिले.

पुढे काय झालं ते तिने कुणाला विचारलं नाही. कुणा पुरुषाला विचारणार, आणि कुठल्या तोंडाने? नदीने नेलं की कुत्र्यांनी, हे मनात यायचं आणि हातातला घास परत ताटात जायचा. सगळा राग तिने काढला तो चुलतदिरावर, बुधाजीवर. लडकूचा तो सख्ख्यापेक्षा जवळचा. त्याने धावपळ करायची, सुकं लाकूड मिळवायचं, आणि त्याने काय दिलं? बाकीच्यांसारखं एक ओलं लाकूड. भाऊबंद म्हणवतो आणि भावाला नीट जाळता आलं नाही. त्या दिवसापासून तिने बुधाजीच्या ओट्याला पाय लावला नाही. दोन घरांत मध्ये चार घरं आणि एक चिंचेचं झाड. अठरा वर्षं तिने ते चिंचेचं झाड ओलांडलं नाही. आपल्या मरणाला तरी कुणाच्या दारात लाकूड मागायला जायला नको, म्हणून पुढे अकरा वर्षांनी आंबा पडला तेव्हा केल्या त्या बारा फळ्या.

सहदेव मोठा झाला, साजगावला एका कारखान्यात लागला. पोरगा शांत, बापावर गेलेला. लग्न झालं, जिजा घरात आली. कंपनीने त्याला जाडजूड बूट दिले होते, आणि त्या बुटांनी घरात वेगळाच ताप आणला. एकदा कुत्र्याने एक बूट पळवला तो दुसऱ्या दिवशी बांधावर सापडला. एकदा जिजाने बूट झटकला तर आतून विंचू पडला. तेव्हापासून चपला ठेवायला काहीतरी उंच पाहिजे, असं घरात बोलणं निघायचं. धोंडूबाईचंही त्याला काही म्हणणं नव्हतं.

म्हणणं होतं ते सहदेवचं, आणि ते माळ्याबद्दल. घर दोन खणांचं, माळा आतल्या खोलीवर, आणि नवराबायको झोपायची त्याच्याखाली. या फळ्या गोठ्यात ठेवू, असं त्याने आईला दोनदा सांगून पाहिलं. गोठ्यात वाळवी लागेल, म्हणून तिने उडवून लावलं. तिसऱ्यांदा तो बोलला नाही. जिजाला सातवा महिना लागला आणि पोरगा आणखीच गप्प झाला. धोंडूबाईला वाटलं, बाप व्हायची काळजी असेल.

चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखाच्या अखेरीस ती दोन दिवस कशेळ्याला गेली, भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला. फळ्या अंगणात उन्हालाच होत्या. आल्यावर चार दिवसांत माळ्यावर चढवू, असं सहदेवला बजावून गेली. गुरुवारी दुपारी एसटीने फाट्यावर उतरली, पिशवीत साखरपुड्याचे लाडू. गुरुवार म्हणजे कंपनीची सुट्टी, पोरगा घरी असेल, गरम भाकरीबरोबर लाडू खाईल, असं मनाशी म्हणत चालली होती. घर जवळ आलं तसा ठोकण्याचा आवाज यायला लागला.

अंगण मोकळं होतं. फळ्या पडवीत होत्या. अर्ध्या कापलेल्या, अर्ध्या आख्ख्या, आणि मधोमध सहदेव उघड्या अंगाने, केसात भुसा, हातात हातोडा. भिंतीला टेकून एक चौकट उभी केली होती. दोन उभ्या फळ्या, त्यांना तीन आडव्या, सगळं एका बाजूला कललेलं. सहदेवला सुतारकाम येत होतं कुठे? त्याने आधी हिरू सुताराला बोलावलं होतं. हिरू आला, फळ्या बघितल्या, करवत, रंधा आणि खिळ्यांचा डबा पडवीत ठेवला, म्हणाला हत्यारं वापर, पण या लाकडाला मी हात लावायचा नाही, आणि निघून गेला. हे सगळं धोंडूबाईला मागून कळलं. त्या वेळी तिला फक्त भुसा दिसत होता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ते तिला नवीन नव्हतं. पण या वेळी आग गेलीच नाही. ती पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली. जिजा दाराच्या फळीला धरून उभी होती. काय करतोयस, असं धोंडूबाईने विचारलं. मांडणी करतोय, सहदेव म्हणाला, चपलांची.

भांड्यांची मांडणी ऐकली होती. चपलांची मांडणी तिने पहिल्यांदा ऐकली. बारा फळ्यांची का रं, असं तिने विचारलं. तो हो म्हणाला. घरात चपला होत्या किती? ह्याचे बूट, सणावाराच्या वहाणा, जिजाच्या पट्ट्याच्या स्लिपरा आणि धोंडूबाईच्या बाजाराला जायच्या चपला. चार जोड. आणि मांडणी उभी राहत होती ती वीस-पंचवीस जोड बसतील अशी, पडवीची भिंत भरून. चार खणांची केली असती तर दोन फळ्यांत भागलं असतं, हे शेंबड्या पोराला कळेल. धोंडूबाईला तर कळणारच.

"सदू," ती म्हणाली, "जोड्याखाली गेलेलं लाकूड सरणावर चढत नाय. ठाऊक हाय ना तुला?"

"ठाऊक हाय. म्हणून तर करतोय."

त्याने हातोडा खाली ठेवला. जन्मात आईला उलट बोलला नव्हता, आणि आता बोलायला लागला तर थांबेना.

"सात वर्सं झाली आये. रोज पाठ टेकली की डोळ्यांवर तुझं सरण. तू बाजूच्या खोलीत खोकतेस आणि मी वर बघतो. तुझ्या फळ्या उन्हात घालायच्या, तुझ्या फळ्या वर चढवायच्या, माझ्या हातानं. तू जित्ती हायस ना? मग मला का रोज तुला पोचवून यायला लावतेस? आता हिचं पोर जलमंल ते पण त्याच्याखालीच?"

इतकी वर्षं धोंडूबाईला वाटत होतं की पोराच्या डोक्यावरचं ओझं आपण उतरवून ठेवलंय. आपण मेलो तर त्याला कुणापुढे हात पसरायला नको, पावसात धावाधाव करायला नको, एवढंच तिच्या मनात होतं, आणि पोरगा त्या ओझ्याखाली सात वर्षं झोपत आला होता. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तिला राग यायचा, तसा तो आता आला. म्हणाली, तुला काय ठाऊक तुझा बाप कसा गेला ते. तू लहान होतास, तुला घराकडे धाडलं होतं. ओल्या लाकडावर घातला त्याला. मला तसं व्हायचं नाही.

"मी घराकडं नव्हतो आलो," सहदेव म्हणाला.

मग त्याने सांगितलं. बांधावरून तो म्हाताऱ्याचा हात सोडून पळाला होता आणि करंजाच्या मागे लपून बसला होता. पाऊस कसा पडत होता, लाकडं धुमसत होती, लोक रॉकेल ओतत होते आणि ते भप्पकन पेटून पुन्हा विझत होतं, हे सगळं त्याने बघितलं. नदीचं पाणी खालच्या धोंड्यांपर्यंत आलं तसं लोक म्हणाले, आता निघायला हवं. एकेक करून गेले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, पाणी खरोखरच चढत होतं. राहिला तो एकटा बुधाकाका. त्याने आपलं इरलं काढून सरणावर धरलं, पायांच्या बाजूला, आणि स्वतः भिजत उभा राहिला. तेवढ्यात त्याला पोर दिसलं. रागावला नाही. जवळ बोलावून म्हणाला, हे इरलं धरून इथं बस, बाबाला एकटं सोडू नको, मी आलोच.

पोर बसलं. आठ वर्षांचं पोर, बापाच्या पायांवर इरलं धरून. किती वेळ ते त्याला आजही सांगता येत नव्हतं. मग बुधाजी आला तो डोक्यावर दार घेऊन. घराचं दार, सागाचं, जुनं, हाडासारखं सुकलेलं. ते त्याने तिथेच कुऱ्हाडीने फोडलं आणि पायांखाली-वर रचलं. ते पेटलं. पावसात पेटलं आणि विझलं नाही. पुढे जाळ मोठा झाला तसं बुधाजीने पोराचं तोंड आपल्या पोटाशी धरलं, म्हणून शेवटचं सहदेवने बघितलं नाही. घराकडे येताना बुधाजीने त्याच्याकडून शपथ घेतली. पाय राहिले होते हे तुझ्या आयेला कधी सांगायचं नाही, ती येडी होईल.

"अठरा वर्सं नाय सांगितलं," सहदेव म्हणाला. "आज सांगितलं."

धोंडूबाईला आठवलं. आठवायला काही कष्ट पडले नाहीत, तो पावसाळा तिला दिवसादिवसाने पाठ होता. बुधाजीच्या दाराला त्या वर्षी गोणपाट लटकत होतं; दार वाऱ्यापावसात निखळून गेलं असं गाव समजत होतं. झड आत जायची, त्याची बायको अंबूबाई दोन पोरांना घेऊन चुलीपाशी झोपायची. आणि धोंडूबाई, ही फटकळ धोंडूबाई, सगळ्या बायकांदेखत पाणवठ्यावर म्हणाली होती की भावाला एक सुकं लाकूड देववलं नाही, म्हणून देवाने घराचं दारच नेलं. अंबूबाई तिथेच होती. तिने कळशी उचलून कमरेवर घेतली आणि काही न बोलता निघून गेली. तेव्हा धोंडूबाईला वाटलं होतं, लागलं वर्मावर. बरं झालं.

ती उठली. लाडवांची पिशवी जिजाच्या हातात दिली आणि चालायला लागली. सहदेव मागून हाक मारत राहिला. चिंचेचं झाड मागे पडलं ते तिला कळलंही नाही.

बुधाजी ओट्यावर दोरी वळत बसला होता. वय काही फार नव्हतं, पण दम्याने पार वाळला होता. वहिनीला अंगणात बघून तो उठायला गेला, दोरी हातातून सुटली, तिचा पीळ उलगडत गेला. अंबूबाई आतून आली आणि दारातच थबकली. धोंडूबाई ओट्याखाली उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला. काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं नव्हतं, आणि बोलली ती अठरा वर्षं पोटात ठेवलेली एकच गोष्ट.

"भावजी, त्यांचे पाय जळले का?"

कुणी सांगितलं, कधी कळलं, असं बुधाजीने विचारलं नाही.

"जळले, वैनी. काय राहिलं नाय. मी शेवटपत्तुर होतो. दुसऱ्या दिशी राख पण मीच गोळा केली, माझ्या हातानं."

धोंडूबाई खाली बसली, तिथेच, अंगणात. आणि रडली. लडकू गेला तेव्हा रडली नव्हती अशी रडली. अंबूबाई पायऱ्या उतरून आली, तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. बऱ्याच वेळाने धोंडूबाईने डोळे पुसले आणि बुधाजीला विचारलं, तुम्ही आधी का नाही सांगितलं? मी इतकं वाईट बोलले, सगळ्या गावात बोलले, तरी का नाही सांगितलं?

बुधाजीने जमिनीवरची दोरी उचलली. "जळले म्हणून सांगायचं," तो म्हणाला, "तर आधी राहिले होते ते सांगायला लागलं असतं."

पाणवठ्यावरच्या बोलण्याची माफी मागायला धोंडूबाईने अंबूबाईकडे बघितलं, तर अंबूबाई आत जाऊन तांब्या घेऊन आली होती. ते पाणी ती सगळं प्यायली. अंबूबाईने जेवायला थांब म्हटलं. आज नको, पोरगा घरी जिवाला खात बसला असेल, पण उद्या येते, असं सांगून ती निघाली. आणि उद्या खरोखरच गेली, हेही सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल बायका नुसतं बोलतात.

घरी सहदेव पडवीत डोकं धरून बसला होता. तिला बघून उभा राहिला. म्हणाला, सहा फळ्यांना अजून करवत लागली नाही आये, त्यांना जोडा लागलेला नाही, त्या मी सुतळीने बांधून गोठ्यात उंच टांगतो, वाळवी लागायची नाही. कापलेल्याचे खिळे काढतो. माझं चुकलं. पोराचे डोळे लाल झाले होते.

धोंडूबाईने कललेली चौकट बघितली. मग पदर खोचला, एक आख्खी फळी ओढून घेतली आणि चौकटीवर आडवी धरली. खिळ्यांचा डबा पायाने त्याच्याकडे सरकवला. ठोक म्हणाली, मी धरते, आणि जरा सरळ ठोक, बापाला पण कधी सरळ खिळा मारता आला नाही. सहदेव बघतच राहिला. तिने पुन्हा सांगितलं तेव्हा त्याने हातोडा घेतला.

दोन खिळे बसले. तिसरा खिळा बोटात धरलेला असताना ती बोलली, त्याच्याकडे न बघता, फळीकडे बघत.

"माजी येळ येईल तवा पाऊस असला तर असूदे. घरोघर जा, लाकूड माग. मागायला लाजू नको. मी उगाच लाजले रं. आणि पयला तुझ्या बुधाकाकाकडं जा."

सहदेवने मान हलवली. धोंडूबाई फळी धरून उभी राहिली, तो खिळा ठोकून पूर्ण होईपर्यंत.